वैजापूरकरबाईंची गाढवं

वैजापूरकरबाई गुलमंडीत शिरल्या की दुकानदारांना अचानक आतल्या खोलीतलं काम आठवायचं. कापडवाला ठाण मोजता मोजता जो खाली वाकायचा, तो बाई पुढं जाईपर्यंत वर यायचाच नाही. भांडेवाला नोकराला शिकवून ठेवायचा, "सेठ जालन्याला गेलेत म्हणून सांग." बाई त्या नोकराला म्हणायच्या, "सेठ आले की त्यांना सांग, तुमच्या वहाणा इथंच राहिल्या. जालन्याला अनवाणी गेले बिचारे! दोन तिकिटं ठेवून जाते, पैसे उद्या नेते." आणि दुसऱ्या दिवशी खरंच न्यायच्या.

मी बाईंच्या शाळेत शिवण शिकवायला नवीन लागले होते. पोलीस अ‍ॅक्शन होऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील, गावाला औरंगाबादच म्हणायचे, आणि औरंगपुऱ्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत बाई गणित शिकवायच्या. त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. त्यामुळं एरवी मराठी, आणि राग आला की दख्खनी. "क्या जी, मस्करी समझे क्या?" असं बाईंनी विचारलं की शाळेचा शिपाईसुद्धा सरळ उभा राहायचा. अंगानं थोराड, पायात पुरुषी वहाणा, खांद्याला खादीची पिशवी. त्या पिशवीत तिकिटांची पुस्तकं, मुलींच्या वह्या आणि मेथीची जुडी एकत्र नांदायची. मुलींना गणिताच्या वह्या परत मिळायच्या त्या मेथीच्या वासाच्या.

मला सुरुवातीला या बाईचा भारी राग यायचा. खोटं कशाला सांगू? शनिवारी दुपारी मी घरी निघाले की त्या फाटकात आडव्या. "शैला, घरी काय अंडी घालायचीत का? चल, तिकिटं खपवायचीत." दुसऱ्याच्या वेळेची या बाईला जराही पर्वा नसे. तिकिटं कसली, तर करमणुकीच्या कार्यक्रमाची. आणि करमणूक कशासाठी, तर संडासासाठी.

हो, संडासासाठीच. एवढी मोठी मुलींची शाळा, आणि तिथं धड संडास नव्हता. मागच्या बाजूला पत्र्याचा एक आडोसा होता, त्याला दार नव्हतं, आणि शेजारच्या गल्लीतली टवाळ पोरं भिंतीवर चढून बसायची. लहान मुली कशातरी भागवायच्या. आठवीच्या पुढच्या मुली सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घ्यायच्या नाहीत, मधल्या सुट्टीत घरी जायच्या आणि बऱ्याचजणी परत यायच्याच नाहीत. गणिताचा तास दुपारी. बाईंचा वर्ग निम्मा रिकामा.

त्यात कमल नावाची एक मुलगी होती. सिल्लोडच्या पुढची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. आई-बाप मेंढरांमागं गावोगाव, म्हणून पोर छावणीत मामाकडं राहायची. मामा कोर्टात पट्टेवाला. कमल चक्रवाढ व्याज तोंडी सांगायची, बाई फळ्यावर मांडेपर्यंत हिचं उत्तर तयार. "माझ्यापेक्षा हुशार आहे कार्टी," बाई शिक्षकांच्या खोलीत सांगायच्या, आणि असं सांगताना त्यांना इतका आनंद व्हायचा की आम्ही चकित व्हायचो. श्रावणात एकदा ती वर्गात घेरी येऊन पडली. सकाळपासून पाणी प्यायलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मामा आला.

"बाई, पोरीची जात हाय," तो म्हणाला. "रोज भर दुपारची एकटी घरी येती, परत जाती, लोक बघतेत. वरून आता ही अशी पडायली. दिवाळीपरेंत ठिवतो. तवर काही सोय झाली तर बघा, नाय तर दाखला नेतो. तिच्या बापानं सोयरीकबी बघून ठिवलीय."

"दिवाळीपर्यंत होईल," बाई म्हणाल्या.

मामा गेल्यावर हेडसर हळूच म्हणाले, "बाई, शब्द दिलात खरा, पण ती... व्यवस्था... होणार कशी?" आमचे हेडसर फार सभ्य. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. ते आयुष्यात कधी संडास म्हणाले नव्हते.

"संडास म्हणा हेडसर. जीभ झडत नाही."

"तेच ते. व्यवस्था."

आता तुम्ही म्हणाल, गावात दानशूर लोक नव्हते का? होते ना! आमच्या शाळेतली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी स्मरणार्थ होती. पंख्यावर नाव, घंटेवर नाव, कपाटावर नाव, खुर्चीच्या पाठीवर नाव. मुली सरळ सांगायच्या, "बाई, कैलासवासी भाऊरावजी बंद पडलेत," म्हणजे सातवीतला पंखा बंद पडलाय. "कैलासवासी गोदावरीबाई फार करकरतात," म्हणजे कपाटाला तेल पाहिजे. तर बाई एका अडतवाल्या शेठकडं गेल्या, मला घेऊन. शेठ म्हणाले, "पंखा घ्या, बाई. घड्याळ घ्या, दोन घ्या. पण माझ्या वडलांचं नाव तिथं लावायचं?"

"मग नाव लावू नका."

"नाव न लावता पैसे द्यायला मला काय येड लागलंय?"

असे सात शेठ झाले. सातव्याच्या पायऱ्या उतरताना बाई म्हणाल्या, "शैला, संडासासाठी माणूस दमडी देत नाही. पण दुसऱ्याची फजिती बघायला मिळाली तर हसत हसत रुपया काढतो. आपण फजिती विकायची." आणि त्यांनी फजितीचं दुकान काढलं.

पहिला कार्यक्रम शिक्षकांच्या संगीत खुर्चीचा. पालकांना तिकीट लावलं. ग्रामोफोनची सुई उचलायचं काम माझ्याकडं. गर्दी चांगली झाली, कारण आपल्या पोरीला छड्या मारणारी बाई खुर्चीसाठी धावताना कुणाला बघायची नसते? एकेकजण बाद होत शेवटी राहिली एक खुर्ची, आणि तिच्याभोवती वैजापूरकरबाई आणि हेडसर. मी सुई उचलली. हेडसर खुर्चीच्या अगदी पुढ्यात होते. नुसतं टेकायचं होतं. तर ते मागं सरकून म्हणाले, "बसा बाई."

"अहो, तुम्ही बसा. खेळ आहे हा."

"छे छे, आपण बसा. आपण उभ्या असताना मी बसायचं म्हणजे..."

"हेडसर, बसा म्हणते ना!"

"अगोदर आपण."

पाच मिनिटं हे चाललं. लोक आधी हसले, मग शिट्ट्या, मग मागून कुणीतरी ओरडलं, "पैसे परत द्या!" शेवटी बाईंनी हेडसरांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना खुर्चीत दाबून बसवलं. खुर्चीचा पाय मोडला. खुर्ची होती एका कैलासवासी वकिलांच्या स्मरणार्थ. त्यांचा मुलगा, तोही वकीलच, पहिल्याच रांगेत बसलेला, तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हा माझ्या वडलांचा अपमान आहे." त्याला नवी सागवानी खुर्ची करून द्यावी लागली, त्यात निम्मी कमाई गेली.

दुसरा कार्यक्रम दसऱ्यानंतर, जिलबी खाण्याच्या स्पर्धेचा. याबद्दल मी बोलू नये हे बरं, पण बोलते. एक रुपया प्रवेश, अर्ध्या तासात खाल तेवढी खा. बाईंचा हिशोब सरळ होता. माणूस पावशेर खातो, फार तर अर्धा किलो, मग तोंड फिरतं. हिशोब बरोबरच होता, फक्त त्यात माझे यजमान धरलेले नव्हते. लग्नाला चार महिने झाले होते, आणि ते काडीपैलवान. त्यांनी नाव दिलं तेव्हा बाईच म्हणाल्या, "दोन खाऊन चक्कर येईल याला." पहिली परात संपली. दुसरी संपली. बाकीचे गडी हात धुऊन बघत उभे राहिले. तिसऱ्या परातीला हलवाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, घरी जेवायला देत नाय का?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे मात्र पाक पुसत मला विचारतात, "थोडी घरी नेता येईल का गं?"

हलवायाचं बिल भागवताना संगीत खुर्चीचीही उरलेली कमाई गेली. मंडप उठला. मी तोंड लपवून निघत होते तर बाई आठवीच्या वर्गात बाकावर बसलेल्या दिसल्या. या बाईला मी कधी बसलेलं बघितलंच नव्हतं. मला वाटलं, आता दख्खनीत सुरू होणार. त्या म्हणाल्या, "लग्नाला किती दिवस झाले?"

"चार महिने."

"धीराची आहेस हो." मग म्हणाल्या, "दिवाळीला अठरा दिवस राहिले, शैला. ती पोर घरी जाऊन चुलीपुढं बसेल आणि मनातल्या मनात व्याजं काढत बसेल." माझा सगळा राग तिथंच गळाला, आणि त्या दिवसापासून तिकिटं खपवायला मी आपण होऊन जायला लागले.

तेवढ्यात खिडकीबाहेरून वाळूची गाढवं चालली होती. नदीतून वाळू भरून रोज जायची. मागं त्यांचा मालक किसन, हातात काठीसुद्धा नाही. बाई ताडकन उठून बाहेर गेल्या.

"किसन, गाढवं शर्यतीला देतोस का?"

"देतो की. पर बाई, माझी जनावरं लई गुणाची. हाकावं लागत नाय. आपली आपण जातेत, आपली आपण येतेत."

"मग तर उत्तमच," बाई म्हणाल्या. गणिताच्या बाई, पण इथं चुकल्या. कुठं जातात आणि कुठून येतात, हे त्यांनी विचारलं नाही.

दिवाळीच्या आधीचा रविवार. पैठण गेटपासून आमच्या शाळेपर्यंत शर्यत. नऊ गाढवं, स्वार सगळे प्रतिष्ठित. हेडसरांना बाईंनी कसं तयार केलं ते देव जाणे. टोपी, कोट, छत्री अशा पोशाखात ते पहिल्या गाढवावर. ज्यांच्या वडलांची खुर्ची मोडली ते वकील दुसऱ्यावर, कारण हेडसर गाढवावर बसणार हे कळल्यावर ते मागं राहायला तयार नव्हते. माझे यजमान जिलबीचं प्रायश्चित्त म्हणून तिसऱ्यावर. नवव्या गाढवाला स्वार मिळेना. तेवढ्यात गर्दीतून कमलचा मामा आला.

"बाई, दाखला द्या. पोरीला आज संध्याकाळच्या मोटारीनं गावाकडं नेतो. दिवाळी आली, सोय काय झाली नाय."

बाईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाल्या, "दाखला कपाटात आहे. किल्ली हेडसरांकडं आहे. हेडसर गाढवावर आहेत. तुम्हीपण बसा, शाळेत पोचलात की देतील." मामा काय बोलतो ते ऐकायच्या आत चार जणांनी त्याला नवव्या गाढवावर चढवलं.

बाईंनी शिट्टी फुंकली. गाढवं निघाली, पळाली नाहीत. एकामागं एक रांग धरली, शाळेकडं पाठ केली आणि शांतपणे क्रांती चौकाकडं चालू लागली. किसन म्हणाला, "बरूबर चाललीत. कामावर चाललीत." ओढून थांबेनात, उतरावं तर सगळं गाव बघतंय. मागं तिकीट काढलेले पाचशे लोक, पुढं पोरं नाचायलेली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. आपल्याकडं माणसाला गाढवावर बसवून गावातून फिरवतात ते कशासाठी, हे का सांगायला पाहिजे? चौकात भाजी विकणारी एक बाई उठून उभी राहिली. "अगं बया! काय केलं म्हणं ह्या म्हाताऱ्यानं?"

"शाळंचा हेडमास्तर हाय," दुसरी म्हणाली. "पोरींच्या शाळंचा! कायतरी केल्याबिगर एवढी मानसं मागं लागतेत व्हय?"

हेडसर पांढरेफटक पडले. "बाई, मी काही केलेलं नाही! ही मदत आहे! मदतीचा कार्यक्रम!"

"कशाची मदत?"

"ती... मुलींच्या... व्यवस्थेची..."

"बघ, पोरींचंच काहीतरी हाय!" एकानं टोमॅटो उचलला. तेव्हा हेडसरांनी छत्री उंच केली आणि भर क्रांती चौकात, सगळ्या आयुष्याचं साठलेलं एकदम ओरडले, "संडासाची! संडासाची मदत आहे! मुलींना संडास नाही!"

मग भाजीवालीनं टोमॅटो घेतलेल्या माणसाच्या हातावर फटका मारला, आणि तीही टोपली शेजारणीकडं सोपवून आमच्या मागं निघाली.

गाढवं उस्मानपुऱ्याच्या पुढं एका नव्या कोऱ्या बंगल्यापाशी जाऊन वाळूच्या ढिगाला टेकून उभी राहिली. महिनाभर तिथंच वाळू टाकत होती. बंगला एका बड्या गुत्तेदाराचा, म्हणजे सरकारी कंत्राटदाराचा, आणि त्या दिवशी त्याची वास्तुशांत. दारात तोरण, आत होम, जेवायला सगळे अधिकारी. गुत्तेदारानं बघितलं, तर गाढवांवर हेडमास्तर, वकील, मागं कोर्टाचा पट्टेवाला आणि शे-पाचशे माणसं. तो सोवळं सावरत, हात जोडत धावत आला. "साहेब, कुणीतरी खोटं सांगितलंय! सिमेंट पूर्ण टाकलंय मी! पुलाचं पण टाकलंय!"

अजून कुणी पुलाचं नावसुद्धा काढलेलं नव्हतं. आतले अधिकारी जेवता जेवता थांबले.

एवढ्यात त्याची आई बाहेर आली. सोयगावकडची म्हातारी, नऊवारी, कपाळावर गोंदण. "काय झालं रं?" बाईंनी पुढं होऊन सगळं सांगितलं. शाळा, आडोसा, पाणी न पिणाऱ्या मुली, आणि कमल. हसू नाही, थट्टा नाही, सरळ सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली.

"म्या साठ वर्सं अंधार पडायची वाट बघितली," ती म्हणाली. "पहाटं, नाय तर अंधार पडल्यावर. मधी पोटात कळ आली तर दाबून बसायचं. माझ्या सासूनं तेच केलं." मग लेकाकडं वळली. "तू गावाला पूल बांधतो. ह्या पोरींला चार भिंती बांध."

"बांधतो की आई. तुझ्या नावाची पाटी..."

"नाव कशाला? दाराला आतून कडी लाव. दणकट."

मामा गाढवावरच होता. तो खाली मान घालून गाढवाच्या मानेवरचे केस नीट करत बसला होता. शाळेत परत आल्यावर त्यानं दाखला मात्र मागून घेतला. "बोलायला सगळे बोलतेत. बांधून झाल्यावर बघू." बाईंनी आपल्या हातानं दाखला त्याला दिला. कमल संध्याकाळच्या मोटारीनं गेली.

त्या वर्षी बाईंनी दिवाळी केली नाही. अख्खी सुट्टी विटांच्या ढिगावर छत्री उघडून बसल्या. गवंड्यानं घमेलं उचललं की, "पुरं सिमेंट टाक रे. तुझ्या मालकानं पुलात टाकलंय म्हणे." किसनची गाढवं वाळू आणायची. माझे यजमान भिंतींवर पाणी मारायचे, आणि फराळाचा डबा मी लपवून ठेवायचे. कडी बाईंनी लोहाराकडून दोनदा बदलून घेतली. स्वतः आत जायच्या, कडी घालायच्या आणि मला सांगायच्या, "ढकल. जोरात ढकल. जेवली नाहीस का?"

शाळा उघडली. चार संडास, हिरवी दारं. कमल आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी आली नाही. बाई मधल्या सुट्टीत फाटकाशी उभ्या राहायच्या, आणि त्यांना हटकायची कुणाची छाती झाली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "संडास झाला ना, बाकीच्या पोरींचं तरी झालं." पण त्या दिवशी फळ्यावर त्यांनी साधी बेरीज चुकवली.

चौथ्या दिवशी भर दुपारी मामा आला. हातात पत्र्याची पेटी, मागं कमल. पेटी ठेवली, सरळ मागं गेला. मुलींच्या संडासाकडं पुरुष माणूस! सगळी शाळा मागं. त्यानं भिंतीवर मूठ मारून बघितली, दार हलवून बघितलं, मग आत गेला आणि आतून कडी लावली. आम्ही बाहेर उभे. हेडसर म्हणाले, "जरा ढकलून बघावं का?" बाई म्हणाल्या, "खबरदार." बऱ्याच वेळानं कडी निघाली आणि मामा बाहेर आला.

"बरं हाय," तो म्हणाला. बंडीच्या खिशातून चार घड्या घातलेला दाखला काढला आणि हेडसरांच्या हातात दिला.

मी वैजापूरकरबाईंसोबत पुढं पुष्कळ वर्षं काढली. त्यांनी आणखी काय काय फजित्या विकल्या, मग निवृत्त होऊन नांदेडला भावाकडं गेल्या, तिथंच वारल्या. मला जाता आलं नाही. पण मला बाई आठवतात त्या, कमल परत आली त्या दुपारच्या. माठापाशी गेल्या, पेला भरला आणि कमलपुढं धरला. कमल सवयीनं म्हणाली, "नको बाई, घरी जाऊन पिते."

"पी," बाई म्हणाल्या.

तिनं आधी मामाकडं बघितलं, मग पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. बाईंनी दुसरा भरला. तोही प्यायली. तिच्या मागं आठवीच्या मुलींनी, कुणी न सांगता, रांग लावली. मग नववीच्या, मग दहावीच्या. बाई भरत होत्या आणि मुली पीत होत्या, आणि बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. पेला तळाला खरखरला तेव्हा त्या ओरडल्या, "अरे, पाणी आणा कुणीतरी!"

शिपाई कुठं दिसेना. हेडसरांनी टोपी काढून खिडकीत ठेवली, कळशी उचलली आणि नळावर गेले.